एकाच इमारतीत बॅकनेट, मॉडबस आणि झिगबी: ऑन्टॉलॉजी कोणती घ्यावी आणि किती?

प्रश्न: पाचवामजला

पाच मजली ऑफिस इमारत आहे. तीन यंत्रणा तीन वेगळ्या कंत्राटदारांनी बसवल्या आहेत आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही; प्रत्येकीचा प्रोटोकॉल, म्हणजे संवादाची पद्धत, वेगळी आहे.

एसी बॅकनेट आयपीवर आहे. मजल्याला एक एएचयू (हवा थंड करून पुढे ढकलणारं मोठं यंत्र), मिळून ६२ व्हीएव्ही बॉक्स (खोल्यांकडे जाणारी हवा कमी-जास्त करणारे). वीज मॉडबसवर: १८ मीटर, आरटीयूचं (सिरीयल तारांचं) वायरिंग, पुढे गेटवेतून टीसीपी (नेटवर्कवर). खोल्यांमध्ये झिगबीचे सुमारे १५० सेन्सर, काही तापमान-आर्द्रतेचे, काही पीआयआर (हालचाल टिपणारे). त्यांचे संदेश एमक्यूटीटी ब्रोकरवर (संदेश गोळा करून वाटणाऱ्या सर्व्हरवर) येतात.

रिकाम्या भागाचा एसी आपोआप कमी व्हावा, आणि कोणत्या एएचयूवर किती वीज जाते ते त्या भागाच्या तापमानाशेजारी दिसावं, एवढं करायचं आहे. कोणता सेन्सर कुठल्या खोलीत आणि त्या खोलीला हवा कोणत्या व्हीएव्हीची, हे आत्ता पायथनच्या स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिलेलं आहे. पार्टिशन हललं की स्क्रिप्ट चुकते, आणि चुकल्याचं कळतही नाही.

त्याऐवजी ऑन्टॉलॉजी, म्हणजे उपकरणं, जागा आणि त्यांची नाती लिहायची ठरलेली शब्दावली, वापरायची आहे. एसएसएन-सोसा, सारेफ, ब्रिक आणि हेस्टॅक, चारहींचे दस्तऐवज वाचून झाले. यातली कोणती घ्यायची, की गरजेपुरती स्वतःची करायची? रीडिंगही ग्राफमध्ये (या नात्यांच्या जाळ्यात) घालायची का? आणि सुरुवात नेमकी कशापासून करायची?

---

त्रिपदी

स्वतःची करू नका. तुमच्या इमारतीत असं एकही उपकरण नाही ज्याचं नाव आधीच कुणी ठरवून ठेवलेलं नाही. स्वतःची शब्दावली केली तर उद्या दुसरं सॉफ्टवेअर जोडताना भाषांतराचा तोच उद्योग पुन्हा करावा लागेल.

चारपैकी कोणती, हे तुमचा प्रोग्राम काय विचारणार यावर ठरतं. म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर साध्या मराठीत प्रश्न लिहा. तुमच्या वर्णनातून निदान हे चार निघतात: या खोलीला हवा कोणता व्हीएव्ही देतो? तोच व्हीएव्ही आणखी कोणत्या खोल्यांना हवा देतो? त्या खोल्यांत माणसं आहेत की नाहीत हे कोणते सेन्सर सांगतात? या एएचयूची वीज कोणत्या मीटरवर मोजली जाते?

आता चौघींकडे बघा. सोसा-एसएसएन ही डब्ल्यूथ्रीसी आणि ओजीसी या मानकं ठरवणाऱ्या संस्थांनी २०१७ मध्ये संमत केली. कोणत्या सेन्सरने, कशाचा, कोणता गुणधर्म, कधी मोजला आणि उत्तर काय आलं, हे ती फार नेमकं सांगते. पण व्हीएव्ही म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही. सारेफ ही २०१५ पासूनची, एटसी या युरोपीय मानक संस्थेची, मुळात घरगुती उपकरणांसाठी: डिव्हाइस, फंक्शन, कमांड, स्टेट. तिला इमारत, ऊर्जा, शेती, शहर अशा पुरवण्या आहेत. ब्रिक २०१६ मध्ये आली ती इमारतींसाठीच. सप्लाय एअरचं (एएचयूतून जाणाऱ्या हवेचं) तापमान, रिटर्न एअरचं (परत येणाऱ्या हवेचं) तापमान आणि झोनचं तापमान हे तिच्यात तीन वेगळे वर्ग आहेत, आणि कोण कुणाला हवा पुरवतं यासाठी ‘फीड्स’ हा संबंध तयार आहे. तुमचे चारही प्रश्न असल्या साखळीचे आहेत. तेव्हा कणा ब्रिकचा ठेवा. हेस्टॅकबद्दल इथले इतर लोक सांगतीलच.

तुमच्या तिसऱ्या मजल्याचा एक तुकडा असा दिसेल (वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ब्रिकची मूळ नावंच हवीत):

एएचयू-३ — फीड्स — व्हीएव्ही-३-०७
व्हीएव्ही-३-०७ — फीड्स — झोन-३-०७
झोन-३-०७ — हॅजपार्ट — खोली-३०४
झोन-३-०७ — हॅजपार्ट — खोली-३०५
सेन्सर-क — हॅजलोकेशन — खोली-३०४
सेन्सर-क — प्रकार — ऑक्युपन्सी_सेन्सर
मीटर-११ — मीटर्स — एएचयू-३

सगळ्यात महत्त्वाची ओळ झोनची आहे. एचव्हीएसी झोन (एका व्हीएव्हीची हवा जाते तो भाग) आणि खोली या दोन वेगळ्या गोष्टी. एका व्हीएव्हीवर अनेकदा तीन-चार केबिन असतात. बीएमएसच्या (इमारतीच्या मुख्य नियंत्रण यंत्रणेच्या) स्क्रीनवर त्या झोनला ‘३०४’ असं नाव दिलेलं असतं, आणि झिगबीच्या यादीतही ‘३०४’ असतं. दोन्ही एकच मानून जोडलं, की ३०४ रिकामी झाल्याबरोबर ३०५ मध्ये बसलेल्यांची हवा कमी होते. पार्टिशन हललं तर बदलायच्या त्या फक्त झोन-खोलीच्या ओळी. बाकी ग्राफला आणि प्रोग्रामला हात लावायचा नाही.

सुरुवात पॉइंट-लिस्टपासून, म्हणजे वाचता किंवा लिहिता येणाऱ्या प्रत्येक किमतीच्या यादीपासून करा. बॅकनेटवर हू-इज (‘कोण आहे?’ असं विचारणारा संदेश) पाठवून सगळी डिव्हाइस शोधा, प्रत्येकाची ऑब्जेक्ट-लिस्ट वाचा आणि सीएसव्हीत चार रकाने काढा: ऑब्जेक्टचं नाव, डिस्क्रिप्शन, प्रकार, युनिट. नावं ‘एएचयू३_एसएटी’, ‘ए३-सपटेंप’ अशी नाना तऱ्हांची निघतील. एका कंत्राटदाराची पद्धत सहसा एकच असते, त्यामुळे काही रेजेक्सनी (मजकुरातले नमुने ओळखणाऱ्या सूत्रांनी) मोठा भाग ब्रिकच्या वर्गांत बसतो. उरलेला भाग एसी सांभाळणाऱ्या माणसाला शेजारी बसवून हातानेच करायचा, त्याला पर्याय नाही.

आणि नावावर विश्वास ठेवू नका. एएचयूचा पंखा चालू आहे, चिल्ड वॉटरचा व्हॉल्व्ह उघडा आहे, तर सप्लाय एअर साधारण १२ ते १६ अंश आणि रिटर्न २३ ते २६ अंश दिसायला हवी. उलट दिसली तर दोन सेन्सरच्या तारा किंवा लेबलं अदलाबदल झालेली आहेत. ही तपासणी प्रत्येक एएचयूवर, ग्राफ वापरात आणण्याआधी.

---

मापनिक

रीडिंग ग्राफमध्ये घालायची नाहीत. हिशोब करून बघा. तुमचे सगळे पॉइंट मिळून ६०० धरले आणि मिनिटाला एक रीडिंग घेतलं, तर दिवसाला ८ लाख ६४ हजार रीडिंग होतात. सोसाच्या पद्धतीने एका निरीक्षणाला सेन्सर, गुणधर्म, वस्तू, वेळ, उत्तर आणि प्रकार असे सहा ट्रिपल (वरच्यासारख्या तीन भागांच्या ओळी) लागतात, म्हणजे रोज ५१ लाख ८४ हजार ट्रिपल. ट्रिपल स्टोअर ते गिळेलही, पण ‘मागच्या तासाची सरासरी’ असला साधा प्रश्न टाइम-सिरीज (वेळेनुसार आकडे साठवणाऱ्या) डेटाबेसला जितका सोपा तितका त्याला नाही.

रीडिंग टाइमस्केल किंवा इन्फ्लक्स अशा टाइम-सिरीज डेटाबेसात ठेवा. ग्राफमध्ये त्या पॉइंटला फक्त टाइम-सिरीजचा आयडी आणि तो कोणत्या डेटाबेसात आहे एवढं लिहा. त्यासाठीचा एक्स्टर्नल रेफरन्स ब्रिकमध्ये आहेच. प्रोग्राम आधी ग्राफला विचारतो, ‘झोन-३-०७ चे तापमानाचे पॉइंट कोणते?’, आयडी घेतो आणि मग डेटाबेसकडे जातो.

ग्राफ जुळला तरी आकडे जुळतीलच असं नाही, आणि तुमच्या तिन्ही प्रोटोकॉलची खोड वेगळी आहे.

झिगबीच्या तापमानाच्या क्लस्टरमध्ये (ठरलेल्या नोंदींच्या गटात) किंमत अंशाच्या शंभराव्या भागात येते. २३४५ म्हणजे २३.४५ अंश. बहुतेक गेटवे भागाकार करूनच पुढे पाठवतात, पण स्वतः डीकोड करत असाल तर लक्षात ठेवा की ‘मापन उपलब्ध नाही’ यासाठी सोळाआधारी ८००० हा आकडा राखून ठेवलेला आहे. तो सरळ आकडा म्हणून वाचला तर उणे ३२७.६८ अंश होतो. सरासरीत असं एक रीडिंग शिरलं तरी तो अख्खा तास वाया.

मॉडबसला युनिट ही कल्पनाच नाही, नुसते १६ बिटांचे रजिस्टर, म्हणजे आकड्यांचे कप्पे. मॅन्युअलमध्ये ४०००१ छापलेलं असतं, तारेवर त्याचा पत्ता ० असतो. एकाने चुकलं की शेजारचा आकडा मिळतो, आणि तो बरेचदा खरा वाटण्याजोगा असतो. किलोवॉट-तासांचा काउंटर दोन रजिस्टरमध्ये पसरलेला असतो. वर्ड-ऑर्डर (दोन रजिस्टरांचा क्रम) उलटा धरला तर भलतेच आकडे येतात, ते निदान लगेच दिसतं. फक्त खालचं रजिस्टर वाचलं तर मात्र ६५५३५ नंतर पुन्हा शून्य, आणि ते महिन्याभराने उघडकीस येतं. मीटरमध्ये सीटी रेशो (मोठा प्रवाह लहान करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचं प्रमाण) भरला आहे का तेही बघा. २००/५ चा सीटी लावून मीटर ५/५ वरच ठेवला असेल तर रीडिंग ४० पट कमी येतं. ही चूक कुठलीही ऑन्टॉलॉजी पकडणार नाही, क्लॅम्प मीटरच पकडेल.

युनिट क्यूयूडीटी या एककांच्या तयार यादीतून घ्या, ब्रिकचा ‘हॅजयुनिट’ तिथेच बोट दाखवतो. किलोवॉट आणि किलोवॉट-तास ही दोन युनिटं आहेत हे मीटरच्या पॉइंटवर लिहिलेलं असलं, की एकात दुसरं मिसळणारा डॅशबोर्ड अडवता येतो. तापमानाचं तापमान-फरकाशी गल्लत होऊ देऊ नका. २४ अंश सेल्सिअसचे फॅरनहाइट करताना ३२ मिळवायचे. पण डेडबँड (एसीने प्रतिसाद न द्यायची तापमानाची पट्टी) २ अंश सेल्सिअस असेल तर तो ३.६ अंश फॅरनहाइट, ३५.६ नव्हे. ऑफसेट फक्त पहिल्याला लागतो. रूपांतराचं फंक्शन एकच ठेवून दोन्हींना लावलं तर डेडबँड एवढा मोठा होतो की एसी प्रतिसादच देईनासा होतो.

झिगबीचे सेन्सर सहसा वेळ पाठवत नाहीत, वेळ गेटवेची असते. बीएमएसचे ट्रेंड बरेचदा स्थानिक वेळेत असतात. सगळं साठवताना यूटीसी करा आणि टाइमझोनशिवायची वेळ कुठेही ठेवू नका, नाहीतर साडेपाच तासांचा फरक पडलेले दोन आलेख एकमेकांवर ठेवून कारणं शोधत बसाल.

---

नियमावली

त्रिपदींशी सहमत. पण ग्राफ तपासायचा कसा, हे सांगितल्याशिवाय तो वापरात आणायला सांगणं धोक्याचं आहे.

डेटाबेसच्या सवयीने येणाऱ्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. ऑन्टॉलॉजीत एखाद्या संबंधाची रेंज (पलीकडे काय असावं तो वर्ग) ‘खोली’ ठरवली म्हणजे खोली नसलेली गोष्ट लिहिता येणार नाही, असं वाटतं. तसं होत नाही. कुणी ‘सेन्सर-क, कुठे आहे, एएचयू-३’ असं लिहिलं तर रीझनर (ग्राफवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) चूक दाखवत नाही. एएचयू-३ ही एक खोली आहे, असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. आरडीएफएस आणि आउल या ऑन्टॉलॉजी लिहायच्या भाषा निष्कर्ष काढण्यासाठी आहेत. तपासणी हवी असेल तर शॅकल (ग्राफने पाळायचे नियम लिहायची भाषा) वापरा, तो २०१७ पासून डब्ल्यूथ्रीसीचा संमत दस्तऐवज आहे. ब्रिकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत शॅकलचे नियम सोबतच येतात. त्यांवर तुमचे निदान हे वाढवा:

प्रत्येक झोनला हवा देणारा व्हीएव्ही नेमका एक.
प्रत्येक खोली निदान एका झोनचा भाग.
नियंत्रणात घेतलेल्या झोनमधल्या प्रत्येक खोलीत निदान एक ऑक्युपन्सी सेन्सर.
आकडा देणाऱ्या प्रत्येक पॉइंटला नेमकं एक युनिट आणि नेमका एक टाइम-सिरीज आयडी.

तिसरा नियम अजिबात गाळू नका. रिकामे झोन शोधायची स्पार्कल (ग्राफला प्रश्न विचारायची भाषा) क्वेरी स्वाभाविकपणे अशी लिहिली जाते: ‘ज्या झोनमध्ये भरलेली एकही खोली नाही असे झोन दे.’ ‘नाही’ हे स्पार्कल ग्राफमध्ये सापडलं नाही या अर्थी घेतो. ज्या खोलीत सेन्सरच नाही, किंवा ज्याची बॅटरी संपली, ती खोली कायमची रिकामी ठरते. म्हणून क्वेरीत दोन अटी लिहा: भरलेली खोली नाही, आणि ताजं रीडिंग नसलेली खोलीही नाही. ताजं म्हणजे किती मिनिटांचं ते सेन्सरच्या रिपोर्टिंग इंटरव्हलवरून ठरवा. बदल नसताना तासाला एकदाच बोलणाऱ्या सेन्सरला दहा मिनिटांची अट लावली तर तो दिवसभर मेलेलाच दिसेल.

नेमस्पेसचंही, म्हणजे प्रत्येक शब्दावलीच्या मूळ वेब-पत्त्याचंही, बघा. सोसाचा पत्ता एचटीटीपीने सुरू होतो, ब्रिक आणि सारेफचा एचटीटीपीएसने. ब्रिकचा हॅशने संपतो, सोसाचा स्लॅशने. प्रिफिक्समध्ये (क्वेरीतल्या त्या पत्त्याच्या नोंदीत) एक अक्षर चुकलं तर क्वेरी चालते, त्रुटी येत नाही, उत्तर शून्य ओळी येतं. शून्य ओळी दिसल्या की आधी प्रिफिक्स तपासा.

‘आउल सेमअॅज’ने दोन यंत्रणांमधल्या नोंदी जोडायचा मोह होईल. तो संबंध फार कडक आहे: एकाबद्दलची सगळी विधानं दुसऱ्याला लागू. बीएमएसचा झोन ३०४ आणि झिगबीची खोली ३०४ असे जोडले तर झोन ही खोली होते आणि खोली हा झोन. जुळणी पक्की नसेल तिथे दोन्हींना आपापली ओळख राहू द्या आणि मध्ये साधा संबंध लिहा.

आयआरआयमध्ये (ग्राफमधल्या प्रत्येक गोष्टीच्या ओळखीच्या पत्त्यात) खोलीचं नाव घालू नका. सेन्सर उद्या दुसऱ्या खोलीत जाईल आणि नाव खोटं बोलत राहील. झिगबीच्या उपकरणाला ६४ बिटांचा कारखान्याचा पत्ता असतो, तो वापरा. जागा ही वेगळी ओळ असू द्या. फाइल टर्टल या मजकूर-स्वरूपात, गिटमध्ये, आणि प्रत्येक बदलावर पायशॅकल (शॅकलचे नियम तपासणारा प्रोग्राम) चालवा. नियम मोडला तर नवा ग्राफ चढू द्यायचा नाही.

---

पाचवामजला

मजला ३ पुरता ग्राफ केला, जेना फुसेकी या ग्राफ-सर्व्हरवर चढवला, नियमही लावले. क्वेरी बरोबर झोन देते. दोन अडचणी आहेत. मीटिंग रूममध्ये माणसं बसलेली असतानाही तो झोन रिकाम्यांत येतो. आणि बीएमएसला नेमकं काय लिहायचं? डँपर (हवेची झडप) बंद करायचा की सेटपॉइंट (ठरवून दिलेलं तापमान) बदलायचा?

---

शांतबसलेला

पहिली अडचण अर्थाची आहे. तुमच्या बाबतीत ऑन्टॉलॉजी लागते ती इथेच. पीआयआर हालचाल टिपतो, उपस्थिती नाही. लोक स्क्रीनकडे बघत शांत बसले की त्याला काही दिसत नाही, आणि त्याच्या आतला टायमर संपला की तो ‘रिकामं’ म्हणतो. गेटवे मात्र त्याला ‘ऑक्युपन्सी’ या नावाने पुढे पाठवतो, आणि ते नाव तसंच ग्राफमध्ये उतरतं. ब्रिकमध्ये मोशन सेन्सर आणि ऑक्युपन्सी सेन्सर असे दोन वर्ग आहेत. सगळे पीआयआर मोशनमध्ये हलवा, आणि नियमावलींच्या तिसऱ्या नियमात ‘ऑक्युपन्सी किंवा मोशन सेन्सर’ असं करा.

मग नियम दोन करा. मोशन सेन्सर असलेल्या खोलीत शेवटच्या हालचालीनंतर ३० मिनिटं वाट बघा. मीटिंग रूममध्ये स्थिर माणूस ओळखणारा मिलिमीटर-वेव्हचा रडार सेन्सर लावा, त्याला ऑक्युपन्सी म्हणा, तिथे १० मिनिटं पुरतात. हा सेन्सर लावताना पल्ला कमी करून घ्या. जिप्समच्या पार्टिशनपलीकडचा माणूसही त्याला दिसतो. प्रोग्राममध्ये सेन्सरचं मॉडेल कुठेही यायला नको, तो फक्त वर्ग बघेल.

---

थेटबीएमएस

दुसरीचं उत्तर: डँपरला हात लावू नका. व्हीएव्हीला किमान हवेचं प्रमाण ठरवून दिलेलं असतं, ते ताज्या हवेसाठी असतं. कंट्रोलरमध्ये ऑक्युपाइड-अनऑक्युपाइड असा मोड उघडा ठेवला असेल तर तोच लिहा. नसेल तर झोनचा कूलिंग सेटपॉइंट २४ वरून २७ करा, बाकी कंट्रोलर त्याच्या तर्काने सांभाळेल. ग्राफमध्ये या पॉइंटला सेन्सरपासून वेगळं ठेवा. ब्रिकमध्ये सेटपॉइंट आणि कमांड हे निराळे वर्ग आहेत, आणि ‘लिहायला परवानगी’ असलेल्या पॉइंटची यादी वर्गावरूनच काढली की सेन्सरवर लिहायचा प्रयत्नच होत नाही.

बॅकनेटच्या कमांड देता येणाऱ्या ऑब्जेक्टला १६ पायऱ्यांचा प्रायॉरिटी अॅरे (कुणाचा आदेश चालेल ते ठरवणारी यादी) असतो, लहान आकडा वरचढ. १ आणि २ जीवरक्षणासाठी, ८ ऑपरेटरच्या हातच्या आदेशासाठी. बरीच लायब्ररी-उदाहरणं ८ वर लिहितात. तसं केलंत तर ऑपरेटरचा आदेश आणि तुमचा आदेश एकमेकांना पुसत बसतील. तुम्ही १२ घ्या, आणि बीएमएसचं वेळापत्रक त्याच्या खाली, म्हणजे मोठ्या आकड्यावर आहे का ते आधी विचारून घ्या. सेटपॉइंट अॅनालॉग व्हॅल्यू म्हणून ठेवलेला असेल तर त्याला हा अॅरे आहेच असं नाही, तेही तपासा. नसेल तर शेवटी लिहिणाराच जिंकतो आणि मूळ किंमत तुम्हाला स्वतः जपून ठेवावी लागेल.

माणसं परत आली की २४ लिहायचं नाही. १२ वर ‘नल’ (रिकामी किंमत) लिहून जागा सोडायची, म्हणजे वेळापत्रकाचा आकडा आपोआप लागू होतो. लिहिलेली किंमत सहसा स्वतःहून सुटत नाही. तुमची सेवा मध्येच बंद पडली तर झोन २७ वरच अडकतो. म्हणून सेवा सुरू होताना पहिलं काम: ग्राफमधल्या सगळ्या लिहिण्याजोग्या पॉइंटवर १२ ला नल. आणि एक छोटा स्वतंत्र प्रोग्राम वेगळ्या मशीनवर ठेवा, जो पाच मिनिटं सेवेची हाक आली नाही तर तेच करेल.

---

टॅगवाला

हेस्टॅकची बाजू मांडतो. बीएमएसचा कंत्राटदार हेस्टॅकचे टॅग (पॉइंटला लावायचे ठरलेले शब्द) आधीच देत असेल तर ते टाकून देऊ नका. ‘डिस्चार्ज, एअर, टेंप, सेन्सर’ असे चार टॅग एकत्र दिसले की ब्रिकचा वर्ग ठरवता येतो, पॉइंट-लिस्टचं बरंच काम वाचतं. त्याची कमकुवत जागा नात्यांची आहे, शिवाय टॅग लावणारे बदलले की एकाच गोष्टीला वेगळे जुडगे लागतात.

एकच मजला, एकच प्रोटोकॉल, वीस-पंचवीस सेन्सर एवढंच काम असतं तर मी ग्राफ सुचवला नसता, नीट ठेवलेली एक सीएसव्ही पुरली असती. तुमच्याकडे तीन प्रोटोकॉल आहेत आणि पार्टिशनं हलतात, म्हणून खटाटोप सार्थकी लागेल.

---

त्रिपदी

@टॅगवाला, नात्यांबद्दल बरोबर.

@पाचवामजला, पुढचे मजले जोडण्याआधी एक गोष्ट वेगळी काढा. बॅकनेटचा ऑब्जेक्ट नंबर, मॉडबसचं रजिस्टर, एमक्यूटीटीचा टॉपिक हे ब्रिकच्या फाइलमध्ये कोंबू नका. त्यासाठी डब्ल्यूथ्रीसीचं थिंग डिस्क्रिप्शन आहे, १.१ आवृत्ती २०२३ ची. प्रत्येक उपकरणाची एक जेसन-एलडी (ग्राफशी जोडता येणारं जेसन) फाइल: वाचता येणाऱ्या प्रॉपर्टी, करता येणाऱ्या अॅक्शन, येणाऱ्या इव्हेंट, आणि प्रत्येकाच्या ‘फॉर्म्स’मध्ये बोलायचं कसं आणि कुठे. तिथल्या प्रॉपर्टीला ब्रिकचा वर्ग प्रकार म्हणून लावा. मीटर बदलला आणि रजिस्टरचा नकाशा बदलला तर एक थिंग डिस्क्रिप्शन बदलेल, ग्राफ नाही. खोली बदलली तर ग्राफ बदलेल, थिंग डिस्क्रिप्शन नाही.

सारेफ आत्ता लागत नाही. खाली पार्किंगमध्ये इव्ही चार्जर आले आणि वीज कंपनीच्या पीक तासांत लोड कमी करायचं ठरलं, तर सारेफची ऊर्जेची पुरवणी त्या भागापुरती घ्या. मीटर-११ चा आयआरआय मात्र दोन्हीकडे एकच ठेवा.